मंडळाच्या स्टेजवर तुमचं नाव पुकारलं होतं का?

परळकर
निकाल लागले की आमच्याकडे गल्लोगल्ली गुणगौरवाचे बॅनर. मुलांना वह्या नि ट्रॉफी, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. तुमचं कौतुक झालं होतं का, आणि पुढे काय करायचंय हे कोणी खरंच विचारलं का? बिनधास्त लिहा. माझं सांगतो, 2009, दहावी, 61 टक्के, ट्रॉफीवर नाव भलत्याचंच. बदलून देतो म्हणाले होते, अजून देतायत.

मेट्रोवाली
मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली. स्टेजवर सगळ्यांना एकच प्रश्न, मोठेपणी कोण होणार, उत्तरंही ठरलेली, डॉक्टर, इंजिनियर, एखादा कलेक्टर. मी म्हटलं मोटरमन. मागची पोरं फिदीफिदी हसली, पाहुण्यांनी "अरे वा" म्हणत माईक पुढच्या मुलाकडे नेला. नंतर आम्ही खुर्च्या आवरत होतो तर परळ वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका आले, म्हणाले, "चष्मा आहे का गं तुला?" नाही म्हटलं. "मग बस इथे." आणि वडापावच्या कागदावर लिहायलाच लागले की डायरेक्ट मोटरमन कोणी होत नाही, दहावीनंतर आयटीआय नाहीतर डिप्लोमा, मग रेल्वे भरतीची असिस्टंट लोको पायलटची परीक्षा, मेडिकलला बिनचष्म्याचे 6/6 डोळे, मग मालगाडी, लोकल फार पुढची गोष्ट. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्येच असिस्टंट ड्रायव्हर झाल्या हेही त्यांनीच सांगितलं, तोवर मला वाटायचं बायकांना गाडी चालवायला देतच नाहीत.
आता खरं सांगते, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला चष्मा लागला मला. खूप रडले. पण इलेक्ट्रिशियनचा ट्रेड हातात होता, आज मेट्रोच्या मेंटेनन्सला आहे.

84.60वाला
आमच्याकडे 85 च्या वर असेल तरच यादीत नाव. पुढचं आयडीवरून समजून घ्या. वर्गणी मात्र घरटी सगळ्यांकडून घेतात हां.

विक्रोळीचा कार्यकर्ता
वरच्या भावाचा राग कळतो. कन्नमवार नगरात आम्ही गेल्या वर्षी टक्क्यांचा कॉलमच काढला, यादीत नुसतं नाव आणि पुढे काय करायचंय. भांडणं झाली. 94 टक्केवाल्या मुलीची आई म्हणाली, मग पोरीने रात्र-रात्र जागून अभ्यास कशाला केला? तिचंही चुकत नव्हतं, म्हणून यंदा टक्के परत आणलेत, पण नावाखाली, बारीक अक्षरात. त्याच यादीत दोन विषय राहिलेला एक मुलगा होता, गणपतीत मंडळाचं सगळं लाईटिंग तोच करतो. त्याला नाटकाचं लाईट शिकायचं होतं. ट्रॉफीऐवजी टेस्टर-पक्कडीचा सेट दिला, तर आईला दाखवायला स्टेजवरच बॉक्स फोडला पठ्ठ्याने. आता एका लाईटवाल्याच्या हाताखाली दादरला शिवाजी मंदिरला जातो, पुरवणी परीक्षेला राहिलेले विषयही देणार म्हणतोय. बघू.

परळकर
मेट्रोवाली ताई, तो वडापावचा कागद आहे का अजून?

मेट्रोवाली
आहे ना. लॅमिनेट करायला नेला होता, दुकानदार म्हणाला तेलकट आहे, धरणार नाही. तसाच फाईलमध्ये ठेवलाय, आयटीआयच्या सर्टिफिकेटच्या मागे. सर्टिफिकेटला पण डाग पडलाय आता.