मदत हवी आहे: पहिली दुर्बीण आणि कोल्हापूरजवळची अंधारी जागा

नमस्कार मंडळी, राजारामपुरीत राहतो, पोरगी सहावीत आहे आणि तिला सध्या आकाशाचं लय वेड लागलंय. परवा मित्राचा १० बाय ५० चा (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगांचा) बायनॉक्युलर आणला, गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवून गुरू बघितला तर शेजारी एका रेषेत बारके ठिपके, गॅलिलिओनं १६१० मध्ये बघितलेले तेच चंद्र! पोरगी ओरडलीच. नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकेचे सहा-सात तारे मोजायचो, त्यात कितीतरी दिसले.

आता तिला शनीची कडी बघायची आहेत, त्याला बायनॉक्युलर पुरत नाही, पंचवीस-तीस पट तरी मोठं दिसायला पाहिजे. बजेट दहा-बारा हजार. दुर्बीण ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची घ्यावी का ११४ मिलिमीटरच्या आरशाची? माझ्या मते स्टँड डगमगला की सगळं वाया, म्हणून ज्यांनी वापरलीय त्यांनी स्टँडबद्दल आधी सांगा.

दुसरं म्हणजे एलईडी दिव्यांमुळं गच्चीवरून देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) दिसतच नाही, २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला उजेड तो आणि चौकातल्या दिव्यापुढं हरतोय, वाईट वाटतं. मसाई पठार, गगनबावडा का दाजीपूरकडं, अमावस्येच्या आसपास रात्री दोन-तीन तास बसायला कुठं सुरक्षित आहे? परवानगी लागते का, गवे येतात का? बारकं पोर बरोबर असणार म्हणून विचारतोय. कुणी जाणार असाल तर आम्हालापण न्या की, चहाचा थर्मास आमच्याकडं.