सुरण घशाला खाजतो, काय चुकतंय? आणि कप्पा नावाच्या कंदाचं काय करू?

नमस्कार ताई-दादा लोकहो, मदत हवी आहे. परवा गोकुळपेठ बाजारातून दीड किलो सुरण आणला, ताजाच होता, कापताना आतून गुलाबीसर, हाताला तेल लावूनच चिरला आणि चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवला तरी भाजी खाल्ल्यावर सगळ्यांचे घसे खवखवले, सासरे तर ताटावरून उठून सरळ दह्याची वाटी घेऊन बसले बाप्पा! त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात म्हणून टोचतं हे माहीत आहे, पण मग चिंच घालूनच उकडायचा का नुसता भिजवून चालतो? मी उकडला नव्हता, डायरेक्ट फोडणीत टाकला, बहुतेक तिथंच गडबड झाली. आमची आई कोचईला (म्हणजे अरवीला) आधी उकडून, सोलून, मग आंबट घालायची, तिची कधी खाजली नाही.

दुसरं म्हणजे शेजारच्या केरळी काकूंनी गावाहून आणलेला कप्पा दिलाय, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा बनतो तो कंद. कच्चा खायचा नाही, विषारी असतो, साल पूर्ण काढून भरपूर पाण्यात उकडायचा अन् ते पाणी फेकायचं एवढं काकूंनी बजावून सांगितलं. त्या मासळीच्या कालवणासोबत खातात, आमच्याकडे श्रावण चालू आहे! तर उकडल्यावर शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची घालून उपासाचं काही जमतं का? कुणी केलंय का? लवकर सांगा, कंद दोन दिवसांत काळा पडतो म्हणे.