तुम्ही कोणत्या झाडापाशी थांबलात?

उष्ण प्रदेशातली जुनी वनस्पती उद्यानं आपण सहलीच्या धबडग्यात तासाभरात उरकतो. म्हणून अख्खी बाग नको. पाय जिथे अडला ते एकच झाड सांगा. सुरुवात मी करते.

श्रीलंकेत कँडीजवळचं पेरादेनिया, महावेली नदीच्या वळणात वसलेलं. बाकीची मंडळी ऑर्किड बघायला पळाली आणि मी एका खोडासमोर खिळले. फांद्यांना नाही, थेट खोडालाच फुलं लगडलेली. अगं बाई, हा तर आपल्या राणीच्या बागेतला कैलासपती! फुलात नागाच्या फण्याखाली पिंड दिसते, म्हणून आपल्याकडे तो शंकराचा. ड्रायव्हरदादा म्हणाले, हा साल, बुद्धाचा. ही फुलं विहारात वाहतात. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, म्हणजे दोन्ही देव त्याला नंतर भेटले. तिथला एक कैलासपती तर १९०१ मध्ये पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने लावलाय. वास स्वर्गीय, फुलाचा. पडून फुटलेल्या फळाजवळ मात्र जाऊ नका. मी गेले.

*

सिंगापूरला लेकीकडे दोन महिने होते. बाग पहाटे पाचला उघडते, तिकीट नाही (ऑर्किडच्या बागेला आहे), त्यामुळे रोजचा फेरा तिथेच. पाच डॉलरच्या नोटेवरचा टेंबुसू तिथलाच. खालची फांदी जमिनीला समांतर पसरलेली. नोट हातात धरून फोटो काढायचा होता, पर्समध्ये निघाली दहाची.

*

मॉरिशस, पाँप्लमूस. तळ्यात महाकाय कुमुदिनीची परातीसारखी कड उचललेली राक्षसी पानं आणि मधे दोन फुलं, एक पांढरं, एक गुलाबी. मी बायकोला ऐटीत सांगितलं, दोन जाती आहेत. गाईड हसला. जात एकच. पहिल्या रात्री पांढरं फूल वासाने भुंगेऱ्यांना बोलावतं, मिटून आत कोंडतं, दुसऱ्या रात्री गुलाबी होऊन सोडून देतं. ते अंगावरचे पराग घेऊन पुढच्या पांढऱ्या फुलाकडे. कमळात अडकलेला भुंगा कीर्तनात ऐकला होता, त्याची ही पुढची गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

*

हावड्याजवळ शिबपूरचा वड. बुरशी लागली म्हणून मुख्य खोड १९२५ मध्ये काढलं, तरी हजारो पारंब्यांवर तो पसरतोच आहे. सासूबाई सोबत होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “वटपौर्णिमेला इथल्या बायका दोरा गुंडाळणार तरी कशाला?”