मदत हवी आहे: कात टाकताना मँटिस पडला, पाय जुन्या कातेत अडकलाय

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी कळंब्यात राहतो.

गणपतीत हारासाठी जास्वंद तोडताना एक हिरवा मँटिस म्हणजे प्रार्थना कीटक सापडला होता, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. घरात सगळे त्याला नाकतोडाच म्हणतात, सांगून सांगून थकलो. पुढचे पाय दुमडून शड्डू ठोकल्यासारखा उभा राहतो म्हणून पोरांनी नाव ठेवलं पैलवान. कोल्हापुरात दुसरं काय ठेवणार?

आमच्याकडे आल्यापासून दोनदा कात टाकली, काही अडलं नाही. तेव्हा तो मच्छरदाणीच्या जाळीत होता. दिवाळीच्या आवराआवरीत जाळी फाटली आणि मी त्याला फरसाणाच्या रिकाम्या बरणीत हलवलं. परवापासून माशीकडे बघेना, नुसता झाकणाला उलटा लटकलेला. कात टाकणार हे कळलं म्हणून हात लावला नाही. आज सकाळी बघतो तर तळाला कुशीवर पडलेला.

अंगावरची कात निघालीय, पण मागच्या उजव्या पायाला गुडघ्याखाली मोज्यासारखी अडकून आहे आणि तो ती फरफटत फिरतोय. मधला डावा पाय वेलांटीसारखा वाकलाय. पुढचे दोन्ही ठीक दिसतात. जनावरांच्या एका डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, म्हैस असती तर लगेच आलो असतो!

कात ओढून काढू का? खायला कधी देऊ? पाय सरळ होईल का?

प्रतिसाद १

दादा, ओढू नका! आत्ता तो आतून ओल्या कणकेसारखा मऊ असतो, कातेबरोबर पायही हातात येईल. रंगाचा बारीक ब्रश कोमट पाण्यात बुडवा आणि अडकलेल्या जागी नुसता टेकवा, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. ओल धरून सुटली तर सुटली, नाहीतर राहू दे. खोलीतला पंखा बंद. पावसाळा सरला की आपल्याकडची हवा कोरडी होते आणि पंख्याखाली कात अंगालाच वाळते.

बरणीत रातकिडा, माशी काही जिवंत असेल तर आधी बाहेर काढा. मऊ असताना रातकिडे त्यालाच कुरतडतात. बरणी किती उंच आहे? झाकणाला आतून जाळी आहे का?

धागाकर्ता

पट्टी लावून मोजलं, बरणी १० सेंमी, हा ४. झाकणाला मी सुईने भोकं पाडलीत, तेवढंच. आत सगळं गुळगुळीत.

प्रतिसाद १

मग तिथंच घोळ झाला. उलटं लटकून तो जुन्या कातेतून खाली सरकत बाहेर येतो, म्हणून खाली त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट जागा मोकळी लागते, आणि वर नखं रुततील असं काहीतरी. प्लास्टिकवर पकड सुटली की संपलं. झाकण कापून आतून जाळी चिकटवा, बरणी उंच घ्या.

वाकलेला पाय आता सरळ होणार नाही. पण पाठीवर पंखांचे कोंब अजून चपटेच असतील तर पुढची कात बाकी आहे, तेव्हा सुधारेल. मधले-मागचे पाय गळून गेले तरी पुढच्या कातींमध्ये पुन्हा फुटतात, आधी जरा आखूड. पंख आलेल्या मोठ्याला मात्र ही सोय नाही.

प्रतिसाद २

आमच्याकडे एक जण पाच पायांवर महिनाभर मजेत होता. एक दिवस उपाशी ठेवा, नुसता पाण्याचा थेंब द्या. माश्या गुऱ्हाळावर मिळतील ढिगानं, पण औषध मारलेल्या ठिकाणच्या नकोत. आणि पोटाखालच्या कड्या मोजा. सहा असतील तर मादी, आठ असतील तर नर.

धागाकर्ता, तिसऱ्या दिवशी

ब्रशने निम्मी कात सुटली. उरलेली तशीच वाळली आणि काल रात्री तो पायच गळाला. रक्तबिक्त काही नाही, बुंध्याशी काळा ठिपका दिसतो. आज माशी मारून, पोट फोडून चिमट्याने तोंडाशी धरली. आधी मागे सरला, मग एका झडपेत ओढून घेतली आणि डोक्यापासून खायला लागला. कोंब अजून चपटेच आहेत.

कड्या सहाच भरल्या. पोरं म्हणतात नाव बदलायचं नाही. उंच बरणीला जाळी चिकटवलीय फेव्हिकॉलने, वास जाईपर्यंत बाहेर ठेवलीय. दोन दिवस पुरतील ना?