दुसरीतल्या पोरांना पुराची रंगीत तालीम हवी का?

वाशिष्ठीकाठ: चिपळूणला लेकीच्या शाळेत परवा पुराची तालीम झाली. भोंगा वाजला, मुलं रांगेने वरच्या मजल्यावर. पालकांच्या ग्रुपवर लगेच वाद: एवढ्याशा पोरांना कशाला घाबरवता? मला तालीम हवीच वाटते. २२ जुलै २०२१ ला पाणी चढताना तिला खांद्यावर घेऊन माडीवर गेलो. ती विचारत होती, "बाबा, कुठे चाललोय?" आणि मी नुसतं "काही नाही, गप्प बस" म्हणत राहिलो. अजूनही पावसाचा जोर वाढला की झोपेत माझा दंड धरते. परवा मात्र तिनं आपणहून पिशवी भरली. बॅटरी, शिट्टी, पाण्याची बाटली, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या.

सातारची_आई: माझा अनुभव उलटा आहे. न सांगता भोंगा वाजवला आणि मुलगा आठवडाभर एकटा झोपेना. या वयात खरा धोका कुठला, लुटुपुटूचा कुठला, हे कळत नाही. धरणाचा विसर्ग बघणं, घर पक्कं बांधणं ही मोठ्यांची कामं. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तिथे पोरांची तालीम काय कामाला आली असती?

वाशिष्ठीकाठ: किल्लारीचं मान्य. तिथे घरंच घातक होती. पण जपानमधलं कामाइशी बघा. ११ मार्च २०११ ला माध्यमिकची मुलं भूकंपानंतर उंचावर धावली, वाटेत प्राथमिकच्या लहानग्यांचे हात धरून. त्या शहरातली जवळपास ३ हजार शाळकरी मुलं त्सुनामीतून वाचली. वर्षानुवर्षं सराव होता म्हणून.

निवृत्त_गुरुजी: त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा शाळेतली ७४ मुलं गेली, हेही लिहायला हवं. भूकंपानंतर पाऊण तासाच्या आसपास मुलं मैदानातच थांबली होती. शाळेमागे टेकडी होती. कुठे जायचं हे मोठ्यांचंच ठरत नव्हतं. आपल्याकडे रांग सरळ झाली की तालीम संपते. मी वर्गात विचारायचो, "जिन्यात पाणी शिरलं तर?" पोरं पाच मिनिटांत तीन वाटा सुचवायची, एखादी माझ्याही डोक्यात आलेली नसायची.

सातारची_आई: गुरुजी, असं विचारणं मला चालेल. पण तालमीनंतर माझ्या मुलाला कुणीही विचारलं नाही, "तुला काय वाटलं?" तेवढीही सवड नसेल तर भोंगा वाजवूच नका. पहिली-दुसरीत ११२ आणि आईबाबांचा नंबर पाठ असला की पुरे. बाकी तिसरीपासून. यावर मी ठाम आहे.

वाशिष्ठीकाठ: नदीकाठच्यांना तिसरीपर्यंत थांबणं परवडत नाही, ताई. भोंग्याआधी मुलांना सांगा आणि नंतर त्यांच्याशी बोला, हे मात्र सोमवारी शाळेत जाऊन सांगतो. आणि ११२ चं म्हणाल तर लेकीला नंबर पाठ होता, पण फोन लॉक असताना तो कसा लावायचा ते माहीत नव्हतं. काल रात्री बटण कुठे असतं ते दाखवलं. आज आजोबांच्या फोनवर तिनं स्वतः शोधून दाखवलं.