कलेचे मार्क म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से?

टिळकवाडीचा तात्या:
धाकटी रिंकवर जायला लागल्यापासून मलाच नाद लागलाय, रात्री जेवून झालं की बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे जुने व्हिडिओ बघूलालोय. उड्यांचं समजतंय. हवेत चार गिरक्या झाल्या की क्वाड, आणि त्याची किंमत आधीच ठरलेली, लुट्झ नावाच्या उडीचा क्वाड असला तर ११.५०. पण हे जे दहापैकी कंपोनंटचे, म्हणजे कलेचे म्हणतात ते, मार्क देतात त्याचा काय मेळच लागत नाही. कंपोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स, तीन वेगळी खाती म्हणायचं आणि एकाच गड्याला तिन्हीकडं ९.२५, ९.२५, ९.५०. पायात पक्का असलेला माणूस भावात पण तेवढाच पक्का असतो काय? मला तर वाटतंय जज आधी उड्या बघतात, मग नाव बघतात आणि मग आकडा टाकतात. उड्यांचे जज वेगळे आणि कलेचे वेगळे करून टाका की एकदाचं.

शहापूरची सूनबाई:
तात्या, कुठली उडी मारली, गिरकी पूर्ण झाली काय, हे बघायला टेक्निकल पॅनल आधीच वेगळं असतंय ओ. जजनी ती कशी झाली त्याला उणे ५ ते अधिक ५ द्यायचं आणि हे कंपोनंट. मोठ्या स्पर्धेत नऊ जज, सगळ्यात वरचा आणि खालचा आकडा काढून उरलेल्यांची सरासरी.
आणि स्केटिंग स्किल्स म्हणजे निव्वळ कला नव्हे. एकदा उड्या सोडून नुसते पाय बघा. चांगली पोरगी गुडघ्यात वाकते, दोन ढकल्यात अर्धं मैदान पार, पातं इतकं कलतं की आता पडते का काय वाटावं, आणि वळण घेताना वेग तुटत नाही. कच्ची असली की टुकटुक टुकटुक पावलं टाकत उडीच्या जागेपर्यंत पळत जाते. मी स्वतः पाच वर्षं रोलरवर काढलीत, आमच्याकडं पातं नाही, चाकं कलवायची, पण कोण कलतंय आणि कोण नुसतं कमरेत वाकतंय ते कठड्यावरनं पण दिसतंय.

टिळकवाडीचा तात्या:
पाय दिसतात गं, मान्य. प्रेझेंटेशनचं काय? हिशोब सांगतो बघ. सगळ्या जजनी तिन्ही खात्यांत पाव पाव मार्क सढळ हातानं सोडला तर पाऊण झाला, बायकांच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या लांब फेरीत, त्याला २.६७ नं गुणायचं, म्हणजे दोन मार्क. पुरुषांत ३.३३, म्हणजे अडीच. पाव मार्कात मेडलचा रंग बदलतोय.

खडेबाजार कट्टा:
तात्यांच्या बाजूनं एक. आमच्या शिवजयंतीच्या चित्ररथांचं परीक्षण आठवा. पहिल्या रथाला हात राखून मार्क, कारण मागनं काय येतंय माहीत नसतं. मोठ्या मंडळाचा रथ वळणावर दिसायच्या आधीच स्टेजवरची मंडळी सावरून बसतात. एका वर्षी आमचा जिवंत देखावा पहाटे स्टेजपुढं आला, तोवर एक परीक्षक चहा प्यायला गेलेले आणि एक खुर्चीतच पेंगत होते, मार्क मात्र तिघांचे पडले, असो. फ्री स्केटला पण शॉर्टमधले, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीतले, पुढचे लोक शेवटच्या गटात उतरतात. म्हणजे भारी ते शेवटी, हे जजला आधीच ठाऊक.

निपाणी फास्ट:
२००२ विसरलात व्हय? सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत फ्रान्सच्या जजवर दबाव आल्याचं प्रकरण निघालं, शेवटी रशिया आणि कॅनडा दोघांना पण सोनं द्यावं लागलं. त्यातनंच सहापैकी मार्कांची जुनी पद्धत गेली आणि ही आली. पुढं २०१४ ला सोचीच्या ऑलिंपिकमध्ये कोरियाची युना किम रशियाच्या सोत्निकोवाकडनं हरली, तेव्हा परत तीच बोंब.

शहापूरची सूनबाई:
सोचीचं उदाहरण उलटं पडतंय दादा. फ्री स्केटमध्ये युनाचे कंपोनंट ७४.५० आणि सोत्निकोवाचे ७४.४१. युनाच पुढं होती, घालवलं ते उड्या-गिरक्यांच्या खात्यात.

निपाणी फास्ट:
तेच तर म्हणूलालो! युना किम आणि ती, दोघींत कलेचा फरक ०.०९? चित्रफीत बघून सांगा मला.

शहापूरची सूनबाई:
ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, खरं सांगते, मला पण तो फरक जास्त हवा होता. पण म्हणून मार्कच काढून टाकायचे? मग निव्वळ उड्यांचा बाजार होईल, पाच मिनिटांत बघून कंटाळा येईल. निकष बघा तरी, वेगवेगळी वळणं, सुरांबरोबर वेळ साधणं, एका घटकातनं दुसऱ्यात कसं जातात. मोठी चूक झाली तर दहापैकी दहा देताच येत नाही, एवढं बंधन तरी आहे. आणि कुठल्या जजनं किती दिले ते आता नावानिशी छापून येतंय, मधे काही वर्षं तेही झाकून ठेवलं होतं.

टिळकवाडीचा तात्या:
बरं, रविवारी रिंकवर ये, चार प्रोग्राम मोबाईलवर घालून आणतो. तू पण लिही मी पण लिहितो, नाव, देश आणि वरची स्कोअरची पट्टी झाकून.

खडेबाजार कट्टा:
तोंड कसं झाकणार ओ तात्या?