संभाजीनगरचे जुने पुरे पायी बघायचेत, सुरुवात कुठून?

प्रश्न
एक सकाळ हातात आहे, सहा जण आहोत. मकबरा, लेणी झाली आहेत. बाहेरून आलेली माणसं कुठे वसली आणि आज त्यांची काय खूण दिसते, ते बघायचंय.

खामकाठ
पाणचक्कीपासून धरा. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाची गर्दी असते. बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे, नक्शबंदी या पंथातले सूफी. त्यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी इथे पीठ दळलं जाई. लोक हौदाचा फोटो काढून परततात. खालचं दालन उघडं असेल तर आत नक्की जा: हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा.

पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, मातीच्या नळांतून येतं. वाटेत उंच बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे आहेत. पाणी त्यांत चढतं तेव्हा नळात कोंडलेली हवा निघून जाते आणि दाबही आवरतो. चक्कीचं चाक जमिनीशी आडवं असतं, पात्यांवर धार पडली की उभा दांडा जात्याची वरची तळी फिरवतो. उन्हाळ्यात चाक थांबलेलं दिसलं तर नवल नाही, झरा आटतो. नळांत गाळ नि झाडांची मुळं शिरतात ती वेगळीच.

तिथून बेगमपुरा बघा.

पुरेवाला
कर्णपुरा चुकवू नका. नावातला कर्ण महाभारतातला नव्हे हो, बिकानेरचे राजा करणसिंह. मोगलांच्या दख्खन मोहिमांत आले, १६६९ मध्ये इथेच वारले. पदमपुरा त्यांच्या मुलाचा, पद्मसिंहाचा. गंमत म्हणजे ही जागा बिकानेर संस्थानाकडेच राहिली. १९०४ मध्ये इंग्रजांना देऊन त्यांनी हिसारकडची दोन गावं आणि रोख २५,००० रुपये घेतले. नवरात्रात देवीची यात्रा भरते, तेव्हा पुरा दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. पाणचक्कीहून रिक्षाच करा.

खडकी१६१०
भडकल दरवाजा राहिला की! १६१२ चा, मलिक अंबरचा. तो स्वतः हबशी, गुलाम म्हणून आलेला, म्हणजे गाव वसवणाराच बाहेरचा. जेवायला नान-खलिया घ्या, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. तुघलकाच्या लष्कराबरोबर आला असं सांगतात. पातेलं लवकर संपतं, दुपारी दोनवर ढकलू नका.